मैदानावरचं पार्किंग

मी कुसगाव सोडलं त्या सकाळी कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांचा फोन आला. "आणखी एक वर्ष कॉलेजसाठी पळ. आत्ता गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस." विद्यापीठात अडथळा शर्यतीची विजेती मी होते, पण पदक मिरवत होते हे सर. भुवनेश्वरच्या एका व्यावसायिक प्रशिक्षकानं बोलावलं होतं. यापुढं स्वतःच्या नावावर पळायचं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्यातल्या हॉटेलात लाँड्री सांभाळतात. त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. "जा तू. घड्याळ आडनाव इचारत न्हाई."

भुवनेश्वरात पहिले महिने रडण्यात गेले. कॉलेजात मी सगळ्यांच्या पुढं असायचे. इथं शेजारच्या लेनमधली प्रत्येक मुलगी माझ्याइतकीच वेगवान. प्रशिक्षकांनी उडीचा पुढचा पाय बदलायला लावला. अडथळ्यांवर आदळले, गुडघे सोलले. फिजिओ, रिकव्हरी, डाएट हे शब्द जिभेवर बसले. आईला मात्र फोनवर 'लय दुखतंय' एवढंच सांगायचे. युरोपात पहिलं पदक मिळालं, तर ती म्हणाली, "जेवलीस का?"

यंदा घरी आले तर चौकात माझा फ्लेक्स, आणि त्यावर माझ्याहून मोठा फोटो सरपंचांचा. मी शाळेच्या मैदानावर अर्ध्या चड्डीत पळते म्हणून याच माणसानं दादांना चारचौघांत झापलं होतं. सत्कारही त्याच मैदानावर. निम्म्या मैदानात भुशी धरणावर आलेल्या पर्यटकांच्या गाड्या.

मी माइकवर विचारलं, "पोरींनी पळायचं कुठं?"

सरपंच हसले. "तू न्हाई का पळालीस, पार इमानात बसून!"

माणसंही हसली. मी शाल टेबलावर ठेवून खाली उतरले. आई कळवळली, "अगं, सत्काराला कुनी असं करतं व्हय?" दादा पहिल्या रांगेतून उठले आणि माझ्याबरोबर चालू लागले.

विमानाचं तिकीट पुढं ढकलून मी ग्रामसभेला गेले. मैदान मोकळं करायचा ठराव मांडला. हात मोजकेच वर झाले, ठराव पडला. पुढच्या सभेलाही येईन, असं सांगून आले.

परदेशात कुणी माझं नाव वाकडं घेतलं, चुकीच्या लेनमध्ये उभं केलं, तरी मी दोन मिनिटांत विसरते. कुसगावात अंगाचा जाळ होतो. गाव सोडलेल्या मैत्रिणी विचारतात, आता तुझं घर कुठलं? कुसगावच. भांडायला तिकीट काढून मी दुसरीकडं कुठं जाईन?