कोंडू लोहाराच्या कमरेचं कल्याण

मला गोष्टी लिहिता येत नाहीत. पण म्हसा गावच्या जत्रेतली ती दुपार आठवली की अजून छाती धडधडते, म्हणून लिहितो. चुकले तर सांभाळून घ्या.

१९३८ साली मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळेसमोरच्या विहिरीवर लोकल बोर्डाचा हातपंप होता. तो दुरुस्त करण्याचा मक्ता कोंडू लोहाराकडे. पंप मोडला की दुरुस्तीचे पैसे, असा करार. त्यामुळे पोरे दांड्याला लोंबकळली तरी कोंडू झाडाखाली बसून हसायचा. "झुला रे, झुला!" महिन्यातून दोनदा पंपातले पाणी वर ओढणारे चामडे फाटायचे. मग कोंडू नवे आणायला कल्याणला जायचा आणि बायका चार दिवस नदीवर.

बोर्डाच्या नव्या ओव्हरसियरांनी करारच फिरवला. वर्षाची रक्कम एकदाच ठरली, दुरुस्ती कितीही होवो. पण जत्रेच्या दिवशी सूर्य मावळताना पंप बंद दिसला, तर मक्ता गेला!

दुसऱ्या दिवसापासून कोंडू वेगळाच माणूस. कुणी दांड्याला हिसका दिला की भाता टाकून धावत यायचा. "बैलाची शेपटी हाय काय ती?"

अंबूबाई घागर भरता भरता म्हणाली, "काल पोरांना झुलवीत होतास, आज पंपाचा देव झाला काय रे?"

पौषी पुनवेला जत्रा भरली. विहिरीपाशी बैलांची ही रांग! तिसऱ्या प्रहरी ओव्हरसियर आले, कोट काढून स्वतःच दांडा हाणू लागले.

"रावसाहेब, हळू! हळू!" कोंडू ओरडला.

फट्! दांडा सैल पडला. पाणी बंद.

"गेला रे मक्ता!" गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

कोंडूने कमरेची पुरचुंडी सोडली. आम्हाला वाटायचे, तंबाखू असेल. आत करंजाच्या तेलात मुरवलेले नवे चामडे! "मास्तर, आता कल्याण कमरेलाच बांधलंय. धरा ही सळई!"

चारचौघांत बोलायलाही घाबरणारा मी, सगळ्यांसमोर सळई धरून उभा राहिलो. सूर्य डोंगराला टेकत होता. कोंडूने शेवटची चाकी आवळली, दांडा दाबला, आणि भळाभळा पाणी! लोकांनी पागोटी उडवली.

ओव्हरसियरांनी पुन्हा दांड्याला हात घातला. कोंडूने त्यांचे मनगट धरले. "नाय रावसाहेब. आधी शिका."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मग ते म्हणाले, "बरं. कसा मारू?"

"तान्ह्या पोराला थोपटावं तसा."

सूर्य मावळला तेव्हा साहेब बैलांना पाणी पाजत होते. हळू, अगदी हळू.