उतरलेल्या सेलवरचं गाणं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही मला एक जुनं इंग्रजी गाणं ऐकवलंत आणि विचारलंत, आजी, ओळखतेस का? मी म्हणाले, "ओळखते, पण हे फार घाईत म्हटलंय." तुम्ही दोघंही हसलात. धाकटी म्हणाली, "अगं आजी, ओरिजिनल हेच आहे!" ते मलाही ठाऊक आहे. तरी माझ्या कानात ते गाणं वेगळ्याच चालीत बसलेलं आहे. तसं का, हे फोनवर सांगता येईना, म्हणून नीट लिहून पाठवते आहे.

तुमचे आजोबा तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इंजिनिअर होते. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. ऊसच नाही म्हटल्यावर त्या हंगामात गाळप होणार नाही, हे दसऱ्याच्या आधीच कळलं. आजोबांना कोल्हापूरकडच्या कारखान्यावर पाठवलं. तुमचे बाबा पुण्याला हॉस्टेलवर होते. मी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, म्हणून मागे राहिले. कारखान्याच्या कॉलनीतल्या घरांना एकेक करून कुलपं लागली. एका माणसाची कणीक भिजवायला परात लागत नाही, ताटलीत भागतं, हे मला त्या वर्षी कळलं.

माझ्या ओट्यासमोर, कुंपणाच्या पलीकडे, एक हापसा होता. गावातले बाकीचे हापसे आटले होते, हा अजून पाणी देत होता. पण चार-पाच घागरी भरल्या की नुसता दांडा खाली-वर व्हायचा. मग पाणी पाझरून जमेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. रांग माणसांची नसे, हंड्यांची असे. बायका आपापल्या हंड्याजवळ बसून राहत. शाळेतली पोरं मात्र हंडा ठेवून पांगत, आणि सावली फक्त माझ्या ओट्यावर होती.

तुमच्या बाबांनी जाताना त्यांचा टेपरेकॉर्डर आणि इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी घरीच ठेवल्या होत्या. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून दुपारी शाळेतून आले की मी त्या लावायचे. एके दिवशी ओट्यावर आठवीतली तीन पोरं येऊन बसली. दोन चुलतभाऊ आणि एक मुलगी. तिघांच्याही घरचे दर वर्षी ऊसतोडीला जायचे. वर्गात इंग्रजीच्या तासाला ही तिघं तोंड उघडत नसत.

"बाई, ह्यो माणूस ओरडतोय कावून?" थोरल्या भावाने विचारलं.

"त्याला आनंद झालाय."

"आनंद झाल्यावर असं ओरडतेत व्हय? आमचा बाप तर आनंद झाल्यावर झोपतो."

"गप बे," धाकटा म्हणाला, "ऐकू दे. मागं हलगी वाजतीय."

ती हलगी नव्हे, ड्रम, असं मी सांगितलं. गिटारला त्यांनी आपणच बेंजो ठरवलं होतं, ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती तिघं रोजच येऊ लागली. मीही शिस्त लावली. आधी एक गाणं ऐकायचं, मग त्यातला एक शब्द भिंतीला टेकवलेल्या जुन्या फळ्यावर लिहायचा, मग परत ऐकायचं. पुढे पुढे पोरं हापशाचा हिशोबही गाण्यांत करू लागली. रांगेतल्या एखाद्या मावशीने हाक मारून "अजून किती येळ रं?" विचारलं की थोरला ओरडायचा, "दोन गाणी, मावशे!"

अडचण सेलची होती. दुपारी वीज नसे. गेवराईहून आणलेले सेल आठवडाभरात उतरत, आणि बाजाराला जाणं माझ्याच्याने महिन्यातून एकदा होई. मग आम्ही सेल काढून ओट्याच्या कडेला उन्हात वाळत घालायचो. उन्हाने त्यांच्यात थोडा जीव यायचा, पण पुरता नाही. टेप चाले, मात्र हळू. गाणाऱ्याचा आवाज जाड व्हायचा, शब्द लांबायचे, ड्रम बैलगाडीच्या चाकासारखा सावकाश वाजायचा. पोरांनी तुमचं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते असं, आणि तसंच पाठ केलं.

त्या गाण्याचा अर्थ अगदी साधा. सुट्टी लागली आहे, सगळे या, नाचू या. मी तो सांगितला. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "बाई, मला वाटतंय ह्यो सगळ्यांना बोलावतोय, आन् कुणीच येत न्हाई."

मी उठून आत गेले आणि उगाच पाणी पिऊन आले.

एका रविवारी दुपारी अचानक वीज आली. मी हौसेने टेपची वायर लावली आणि म्हणाले, आता खरं गाणं ऐका. तिघांनी कसंबसं अर्धं ऐकलं.

"ह्याच्या मागं कुत्रं लागलंय का बाई?" धाकट्याने विचारलं.

"आपलंच बरं हाय," ती म्हणाली. "ह्येच्यात दम घ्यायला जागाच न्हाई."

मग वायर काढली. आम्ही पुन्हा सेलवर आलो.

दिवाळीच्या तोंडावर त्या मुलीने सांगितलं की या वर्षी तीही आईबापाबरोबर तोडीला जाणार. आजवर ती आजीजवळ राहून शाळा करायची. मला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी तिच्या घरी गेले. वडील बाजेची सुंभं ओढत होते. त्यांनी घाईने उठून मला बसायला पोतं अंथरलं.

"वार्षिक परीक्षा तरी होऊ द्या," मी म्हणाले. "पोर हुशार आहे. एक वर्ष गेलं की मुली परत शाळेत येत नाहीत."

"तुमचं खरं हाय बाई. पण हिच्या आईला सातवा चाललाय," त्यांनी घराकडे मान वळवून सांगितलं. "कोयता म्हंजे दोघं जण. म्या तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायच्या. फडातच बाळंत झाली तर पोराजवळ कोण बसल? आमच्या म्हातारीला आता दिसत न्हाई."

"मग पोरीला माझ्याकडे ठेवा. खाणं-पिणं, पुस्तकं, सगळं मी बघते. मीही एकटीच आहे."

दारात तिची आई उभी होती. हसूनच बोलली, रागाने नाही. "तुमी एकल्या हाव म्हणून पोर ठिवू व्हय बाई? आन् मी तिकडं एकली बाळंत व्हऊ?"

शाळा, परीक्षा, हुशारी, सगळं मी खरंच बोलले होते. पण तिने नेमकी शेवटची गोष्ट ऐकली, आणि तीही खरीच होती.

तोडीला न्यायला ट्रक यायचा त्या दिवशी दुपारी ती हापशावर आली. रांगेतला आपला हंडा उचलून तिने काखेला लावला. मागच्या बाईने आपला हंडा लगेच पुढे सरकवला. मग ती ओट्याजवळ आली.

"बाई, मधली एक ओळ मला येत न्हाई. तेवढी म्हणून दावा."

टेप लावायला वेळ नव्हता. मी ती ओळ स्वतः म्हणून दाखवली, आमच्याच चालीत. तिने दोनदा म्हटली, मान हलवली आणि गेली. घरातली सामानसुमानाची बोचकी बांधायची राहिली होती.

दोघे भाऊ गावातच राहिले. पण थंडीत हापसाही आटला. पाण्याची रांग पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, टँकर यायचा तिथे गेली. मग माझ्या ओट्यावर यायचं कुणाला काही कारण उरलं नाही. एका दुपारी मी नवे सेल घालून ते गाणं लावलं. स्वच्छ, वेगात, जसं असायला हवं तसं वाजलं. मी थोडंसं ऐकलं आणि बंद केलं. नवे सेल काढून डब्यात ठेवले, खिडकीत उन्हाला ठेवलेले जुने सेल घातले, आणि ते पूर्ण गप्प होईपर्यंत ऐकत बसले.

गुढीपाडव्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. टँकरच्या रांगेत ती मला दिसली. अंगाने वाढली होती, हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काखेत तान्हा भाऊ होता. तिच्या वयाची पोरं हंडे ठेवून पिंपळाखाली खेळत होती. ती मात्र बायकांसारखी हंड्याजवळच उभी होती.

"शाळेत येशील ना गं आता?"

"ह्येला कोण घेईल बाई?" तिने भावाला वर सरकवलं. मग जरा लाजून म्हणाली, "आपलं गाणं म्हटलं की झोपतोय ह्यो. फडाकडं कोपीत ऱ्हायच्या त्या सगळ्या बायकांला आलंय आता. अर्थ न्हाई सांगितला म्या, नुसतं म्हणतेत."

"कसं म्हणतेस?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच दोन ओळी म्हटल्या. तीच चाल. सुट्टी लागली आहे, सगळे या. पोराचे डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात टँकर आला, बायका उठल्या, आणि ती हंडा पुढे ढकलत गर्दीत शिरली. ती शाळेत परत आली नाही. पुढच्या वर्षी आजोबांची बदली झाली आणि आम्ही ते गाव सोडलं.

तर परवाचं हसू माझ्या लक्षात आहे, राग नाही. फक्त एक काम करा. तुमच्या त्या फोनमध्ये गाण्याचा वेग कमी करता येतो, असं तुमचे बाबा म्हणाले. ते गाणं तसं करून पाठवा. बरंच सावकाश करा. शब्द लांबले, आवाज जाड झाला तर बिघडलं असं समजू नका.