केस बरी झाली, मॅडम!

आमच्या धंद्यात ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं. त्यामुळे किस्से पोटात साठत जातात आणि असे चार मित्र भेटले की राहवत नाही. नावं बदलून सांगते, ऐका.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी काउन्सेलिंग सेंटर चालवायचे. सायकॉलॉजीच्या एम.ए.च्या पोरांना पास व्हायला ठराविक तास खऱ्या माणसांचं काउन्सेलिंग करावं लागे. ट्रेनी ढीगभर, क्लायंट मात्र शोधून सापडेना!

*

मग पोरं कॅन्टीनमध्ये सावज शोधत फिरायची. एक जण डोकं टेकून बसलेला दिसला, तर तिघं एकदम धावली. "टेन्शन आहे का?"

तो म्हणाला, "आत्तापर्यंत नव्हतं!"

*

क्लायंटला आयतं उत्तर द्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. सेशनच्या मध्येच एका मुलाने विचारलं, "टॉयलेट कुठंय?"

ट्रेनी शांतपणे म्हणाला, "तुला काय वाटतं?"

*

उल्हासनगरच्याच कॅम्प चार भागातले एक दुकानदार मुलाला घेऊन आले. मी म्हटलं, ट्रेनी बोलेल, मी लक्ष ठेवीन, फी नाही. ते सावध झाले. "फ्री क्यों, मॅडम? पीस में डिफेक्ट है क्या?"

ट्रेनी समोरच बसली होती!

*

ती ट्रेनी म्हणजे बदलापूरची पल्लवी. अंबरनाथच्या एका मुलीची घरच्या भांडणांनी झोप उडाली होती, तिच्यासाठी पल्लवीने जीव ओतला. आणि एक दिवस रडत माझ्याकडे आली.

"मॅडम, माझी केस बरी झाली!"

"अगं, मग छानच की!"

"पण माझे तास कसे भरणार?"

मी तिला झापलं, आणि झापता झापता मनात दुसरी केस शोधायला लागले.

*

ती केस म्हणजे शिरगावचा सुनील. चार लोकांसमोर याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. हजेरीला 'प्रेझेंट'सुद्धा म्हणायचा नाही, म्हणून बाकावर बसूनही गैरहजर! परीक्षेला बसू देणार नाहीत अशी वेळ आली, तेव्हा आमच्याकडे आला. पल्लवीशी मात्र हळूहळू बोलायला लागला.

तिची प्रॅक्टिकल परीक्षा त्याच्याच सेशनवर होती. केबिनला एक काच होती. त्याच्या बाजूने आरसा, आमच्या बाजूने खिडकी. काचेमागून बघू, ही परवानगी घेतली होती. किती जण, ते सांगितलं नव्हतं. परीक्षक, मी आणि अख्खी बॅच!

ऐन सेशनमध्ये लोडशेडिंग. केबिनमध्ये अंधार आणि काचेमागच्या आमच्या अंधाऱ्या खोलीत मात्र इन्व्हर्टरवर दिवा लागला. काचेचा कारभारच उलटला! आम्ही सगळे त्याला लख्ख दिसायला लागलो, हातातल्या वडापावसकट.

हा पोरगा आता कॉलेजचं तोंड बघणार नाही, असंच वाटलं. पल्लवीचा तर पुतळा झाला होता.

सुनील उठला. काचेजवळ आला आणि टकटक केलं.

"ताईंना टेन्शन आलंय. तुम्ही सगळे जरा बाहेर थांबता का?"

परीक्षक सगळ्यात आधी उठले.