रिक्षाची किल्ली

आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्याच रिक्षाने मी शाळेत शिकवायला जाते. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट गेलंय. तेव्हापासून सोलापूरच्या उन्हातही ते बूट घालतात आणि रोज सकाळी स्टँडवर आरसा धरून तळवे बघतात. "टोचलेलं पायाला कळत न्हाय की बाई. डोळ्यानंच बघायचं."

परवा आसरा चौकाजवळ त्यांनी अचानक रिक्षा कडेला घेतली. कपाळावर घाम होता, हात कापत होते. किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "साखर उतरली. अशात डोकं फिरतं माझं. साखर वर येईस्तोवर किल्ली मागितली तरी देऊ नगा." मग खिशातली ग्लुकोजची पुडी फोडून तोंडात टाकली.

थोड्याच वेळात ते चिडले. "द्या किल्ली! काय झालं न्हाय मला. तुमाला शाळा हाय का न्हाय?" एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस माझ्यावर ओरडत होता. मला भीती वाटली, शाळेलाही उशीर होत होता. तरी मी मूठ उघडली नाही.

हळूहळू घाम वाळला. त्यांनी बोट टोचून मशीनवर साखर तपासली, थोडं थांबून परत तपासली आणि हात पुढं केला. मी त्यांचा चेहरा न्याहाळत राहिले.

"माझ्या तोंडाकडं बघू नगा, बाई," मशीन माझ्यापुढं धरत ते म्हणाले. "ते कवाकवा खोटं बोलतं. आकडा बघा, आन् मगच द्या."