लालीबाईचा फोटो

रुपीबाईने लालीबाईला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण शिव्या मात्र रोज दिल्या. भाकरी थापताना, कापूस वेचताना, अगदी आंघोळ करतानासुद्धा! पांढरकवड्याजवळच्या त्या तांड्यात लेकरांनाही त्या शिव्या तोंडपाठ झाल्या होत्या. तिचा नवरा देवीलाल खांद्यावर कुऱ्हाड टाकून बैलांच्या बाजाराला ढाणकीला जायचा, अन् तिथल्या या लालीबाईच्या नादी लागला. एका दिवाळीनंतर दोघंही एकदमच गायब. गेले असतील हैदराबादेकडे, असं कोणी म्हटलं की रुपीबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मेला असता तं रडून मोकळी झाली असती मी," ती म्हणायची. "जिता राहून त्या टवळीच्या हातची भाकर खाते, हे नाही सहन होत मले!"

तांड्यात नवरा मेला की बाईच्या कोपरावरचा पांढरा चुडा उतरतो. रुपीबाईचा जागच्या जागी होता, पण तो तिला काट्यासारखा रुतायचा.

तीन वर्षांनी, बासष्ट सालच्या उन्हाळ्यात, केळापूरच्या रानात नाल्याच्या कडेला एका गुराख्याला माणसाची कवटी सापडली. पोलिसांचा जमादार तांड्याच्या नायकाकडे, उत्तमसिंगकडे आला. "कवटी यवतमाळच्या दवाखान्यात नेली," तो म्हणाला. "तिचा फोटो काढून, मापं घेऊन डॉक्टर सांगतीन, बाईची का माणसाची. माणसाची निघाली तं देवीलाल, बाईची निघाली तं लाली."

रुपीबाईच्या कानात एकच शब्द शिरला. फोटो! म्हणजे लाली असली तर तिचं थोबाड दिसणार. गोरी होती की नाकेली होती, असं काय सोनं लागलं होतं तिला, एकदा कळू तर दे! ताडून पाहायला इकडच्या बायांच्या डोक्याचेही फोटो पाहिजेत, असं जमादार म्हणाला, तेव्हा बाकीच्या बाया झोपड्यांत दडल्या. रुपीबाई मात्र सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली.

दवाखान्यात एक्स-रेचे फोटो काढणारा अय्यूबभाई होता. त्याने तिला डोक्यावरचे, कानातले सगळे दागिने उतरवायला लावले. "फोटोत येतात ते," तो म्हणाला. तिने कुरकुरत उतरवले, अन् मान वाकडी करून टेबलावर निजली. मग डॉक्टरांनी काचेमागे दिवा लावला, फोटो टांगले अन् पट्टी लावून कपाळ मोजलं, भुवईचं हाड मोजलं, कानामागचं हाड मोजलं. बाहेर रुपीबाईचा जीव टांगणीला. आत देवीलाल असला तर विधवा, लाली असली तर... तिने पुढचा विचारच केला नाही.

अय्यूबभाई बाहेर आला. "बाईची हाये."

"मेली!" रुपीबाईने टाळीच वाजवली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर हसू आलं. "मेली अवदसा! दाखवा मले, भाऊ, दाखवा थोबाड तिचं!"

काचेवर दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती हाडं. पण ती काय थांबते! पहिल्याच फोटोसमोर जाऊन तिने कंबरेवर हात ठेवले. "पाहा पाहा, कपाळ कसं घमेंडी! अन् दात कशी इचकून राह्यली सटवी! याच्यावर भुलला व्हय तो? जळो तुझं तोंड, माहा संसार खाल्ला तुनं!"

"रुपीबाई," अय्यूबभाई खाली बघत म्हणाला, "तो तुमचा फोटो हाये."

तिने कंबरेवरचे हात खाली घेतले. मग हळूच ती दुसऱ्या फोटोकडे सरकली. तेच कपाळ, तशीच हनुवटी. "अन् हे मांगं काळं काय हाये, भाऊ?"

"तिथं फुटली हाये. मांगून कुऱ्हाडीचा घाव बसला, असं डॉक्टर म्हनतात."

 हैदराबादेत चूल पेटवून भाकरी थापणारी लाली रुपीबाईने रोज डोळ्यांसमोर आणली होती. अन् ती तर एवढी वर्षं केळापूरच्या नाल्यातच पडून होती.

जमादार दारातून म्हणाला, "म्हंजे देवीलाल जिता हाये. धरतोच त्याले."

उतरवलेले दागिने रुपीबाईने पदरात बांधले. मग ती तिथेच फरशीवर बसली अन् कोपरावरचा चुडा ओढून ओढून काढू लागली.

"अवो बाई, कायले काढता? नवरा जिता हाये ना तुमचा!" जमादार म्हणाला.

"तुमच्यासाठी असंल, दादा," ती म्हणाली.