मावशीच्या तोंडातला परका माणूस

जिन्यात बातमी फिरत होती, की मावशीने भर कोर्टात कबूल केलं, "होय, सासऱ्याचे दात मीच पाडले!" बातमी आणली तळमजल्यावरच्या शिंपीणबाईने. ती भाड्याच्या भांडणापायी कोर्टात गेली होती आणि दारातून तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "अगं बाई, इतक्या थंडपणे सांगत होती, जशी काही भाजी निवडतेय!"

ऐकलं ते खरं, समजली ते साफ चूक. मावशीचं लग्नच झालेलं नाही, दात पाडायला सासरा कुठून उसना आणणार? मावशी कोर्टात दुभाषी आहे. आपली भाषा बोलणाऱ्यांचं म्हणणं ती कोर्टाच्या भाषेत सांगते, कोर्टाचं त्यांना. दात पाडले होते पिंजऱ्यातल्या एका जावयाने. पण दुभाष्याचा नियमच असा, की माणूस 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'हा म्हणतोय की त्याने' असला आडोसा घ्यायचा नाही.

त्यामुळे मावशीने आजवर घरं फोडली, बायका टाकल्या, खोट्या सह्या मारल्या, एकदा तर भावाच्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. सगळं पगारी. घरी आली की चपला काढायच्या आधी ती मोरीत जाऊन चूळ भरते. खळखळ, थू. खळखळ, थू. "शी! दिवसभर एका लबाडाची लाळ तोंडात घोळवली," म्हणते, आणि जेवण तसंच झाकून ठेवते.

त्या खोलीचीही तिला शिसारी येते. कठडा घामट तळव्यांनी चिकट झालेला. पाण्याचा पेला सगळ्यांत एक, त्याच्या काठावर ओठांचे ठसे. वकिलांच्या काळ्या डगल्यांनी पाणी कधी पाहिलंय कुणास ठाऊक. त्यातला जाड्या वकील प्रश्न विचारतो तो गोगलगायीसारखा, मागे ओली रेघ सोडत: "तर मग, अं, त्या वेळी, म्हणजे ज्या वेळी आपण, अं, तिथे नव्हता, अशा वेळी आपण तिथे काय करत होता?" आणि मावशीने तोंड उघडायच्या आत वर खेकसतो, "बाई, थोडक्यात!" प्रश्न पाटीभर, भाषांतर मात्र चिमूटभर.

त्या जाड्याचा अशील म्हणजे घड्याळांचा व्यापारी. त्याच्या घरी काम करणारी पोरगी कोठीच्या खोलीत सापडली होती, तहानेने जीभ सुजलेली, आणि मालक सहकुटुंब गावाला. पोरगी म्हणाली, बाहेरून कुलूप होतं. मालक म्हणाला, दार फुगून अडकलं. दार उघडलं ते मालकाच्या मेव्हण्याने, आणि तो म्हणाला, "कुलूप? कसलं कुलूप?" एकट्या पोरीच्या शब्दाला वजन ते किती? ती मागच्या बाकावर आईचा हात धरून बसली होती. कुलूप कागदावर आलं नाही, तर मालक हात झटकून घरी जाणार होता.

व्यापारी पिंजऱ्यात चढला तोच अत्तराचा भपका सोडत. मावशी त्याला खेटून उभी. तो गहिवरला, तीही त्याच्याइतकीच गहिवरली. "मी तिला पोटच्या मुलीसारखं वागवलं," मावशी म्हणाली. "तिच्या आठवणीने माझ्या घशाखाली घास उतरत नाही." आवाजातला हुंदकासुद्धा तिने माप चुकू न देता दिला.

मग सरकारी वकिलाने विचारलं, "दार बाहेरून बंद होतं की नाही?"

व्यापारी मावशीच्या कानाशी वाकला. थुंकीचा तुषार कानावर उडाला. आपल्या भाषेत, लाडीगोडीने तो पुटपुटला, "ताई, हे कसं सांगायचं हो? कुलूप लावलं, पण पोरीच्या भल्यासाठीच ना! तुम्ही आपल्यातल्या. दार अडकलं, असं काहीतरी जुळवून घ्या की."

मावशीने पाठ ताठ केली, न्यायाधीशांकडे पाहिलं, आणि कोर्टाच्या भाषेत, त्याच लाडीगोडीने, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, हे कसं सांगायचं हो? कुलूप लावलं, पण पोरीच्या भल्यासाठीच ना! तुम्ही आपल्यातल्या. दार अडकलं, असं काहीतरी जुळवून घ्या की."

जाड्या उठायला गेला तर डगला खुर्चीत अडकला. "साहेब! हे, अं, हे खाजगी होतं!"

"बाई, हा काय प्रकार?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पिंजऱ्यातून निघालेला प्रत्येक शब्द सांगायची शपथ घेतलीय, साहेब."

व्यापाऱ्याला उशिरा उमगलं. "घरभेदी! सटवे!" तो आपल्या भाषेत किंचाळला.

"घरभेदी! सटवे!" मावशीने थेट न्यायाधीशांना सुनावलं, कारण बोलायचं तिकडेच बघून असतं. टंकलेखकाने तेही टिपून घेतलं.

निकाल अजून लागायचाय, पण कुलूप कागदावर आलं. बाहेर पोरीच्या आईने मावशीचे हात धरले. मावशीने ते हळूच सोडवले, म्हणाली, "थांबा, आधी तोंड धुऊ द्या," आणि नळाकडे गेली. कान मात्र तिने साबण लावून तीनदा धुतला.

आदल्या दिवशी मी तिच्याशी पैज लावली होती, की या माणसाच्या बोलण्यात ती स्वतःचा एक तरी शब्द घालेलच, निदान एखादं 'शी' तरी. त्या दिवशी मीही मागच्या बाकावर कान टवकारून बसले होते. 'शपथ घेतलीय' हे तिचं स्वतःचं होतं, असं मी भांडून पाहिलं.

"ते मला विचारलं होतं, गधडे. त्याच्या बोलण्यात काय घातलं ते सांग."

काहीच नव्हतं. हरले. आता पैजेप्रमाणे आठवडाभर मी कुणाची नक्कल करायची नाही. आज दुसराच दिवस, आणि तो जाड्या वकील त्याच्या 'अं, अं'सकट माझ्या घशात अडकून बसलाय.