उभ्या उभ्या केलेली शाळा

गाव सोडलं त्या दिवशी आर्वीच्या बसस्टँडवर बाबांनी माझी चांगलीच शोभा केली. वर्ध्याची गाडी लागली होती, तिथून पुढे रेल्वेनं पुणं. मला पुण्याला न्यायला आलेले मामा पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, माझी पेटी त्यांच्या पायाशी होती, गाडी अर्धी रिकामी होती, आणि मी मात्र वरचा दांडा धरून उभी होते. आपण उभ्या आहोत हे मला कळलंही नव्हतं. बाबांनी खालून पत्र्यावर थाप मारली आणि ओरडले, "बस ना वो बाई! आज तं तुहं तिकीट काढलं हाय!"

सगळं स्टँड माझ्याकडे वळून पाहायला लागलं. केळीवाला पाहतो, हमाल पाहतो, समोरच्या गाडीतली माणसं मान बाहेर काढून पाहताहेत. मी मटकन बसले आणि गाडी सुटेपर्यंत मान वर केली नाही. घर सोडताना पोरी रडतात असं ऐकलं होतं. मी रडले नाही, लाजेनं माझे कान तापले होते. बाबा खिडकीखाली उभे होते, काहीतरी सांगत होते, आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं.

गावात राहिलेल्यांना यातलं काही समजावून सांगायला नको, त्यांना ती गोष्ट पाठ आहे. पण आमच्याकडून भिलाईला गेलेले, नागपूरला गेलेले, माझ्यासारखे थेट पुण्याला येऊन पडलेले बरेच आहेत, आणि प्रत्येकानं काही ना काही लपवून आणलेलं आहे. मी हे आणलं.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे आर्वी. मुलगे सायकलवर जायचे, नाहीतर तिथं खोली करून राहायचे. मुलींचं शिक्षण सातवीला संपायचं आणि त्याबद्दल कोणाला फार वाईटही वाटत नसे. मी सातवी झाले त्या वर्षी आर्वीच्या एका शाळेनं ठरवलं की खेड्यातून येणाऱ्या मुलींना एस.टी.चा पास फुकट द्यायचा. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः गावोगाव फिरल्या. आमच्या ओसरीत बसून त्या बाबांना म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, तुम्हाला काही खर्च नाही, पास आम्ही देऊ."

बाबांचा चेहरा पडला. खर्च नाही, हेच त्यांना लागलं. बाई गेल्यावर ते मायवर उखडले. "फुकट कायले? आपुन काय मांगून खातो का?"

बाबांचा एक नेम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लग्नाला गेले की आधी आहेर करायचा, मग पंगतीत बसायचं. एखाद्या सालात हात आखडता असला आणि आहेर जमला नाही, तर ते लग्नाला जायचे जरूर, पण पंगतीत बसायचे नाहीत. धोतर खोचून वाढायला उभे राहायचे. शेवटची पंगत उठली की आचाऱ्यांबरोबर कोपऱ्यात दोन घास खायचे. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "आज मी वाढणारा हाओ." हा नेम त्यांच्या बापाचा, आणि बाबांना तो जगाचा कायदा वाटायचा.

रोजचं तिकीट काढणं झेपणारं नव्हतं आणि फुकटचं घेणं पचणारं नव्हतं. दोन-चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी माय चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "पोरीचं डोस्कं चालते तं चालू द्या ना. तुमची इज्जत मोटरीत बसून नाई जाऊन राह्यली, पोरगी जाऊन राह्यली." मायनं असं तोंड वर करून बोलणं घरात नवं होतं. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "जाजो. पण बसू नोको. ज्यानं तिकीट काढलं थो बसन. तू उभी राह्यजो."

मला वाटलं, रागात बोलले असतील. पण पहिल्या दिवशी ते फाट्यावर सोबत आले, गाडी थांबली, आणि सगळ्यांसमोर त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "हे आमची पोरगी. फुकटच्या पासावर हाय. सीटवर बसली तं उठवजा." कंडक्टरला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो खो खो हसला.

कुसुम माझ्यासोबत होती, तीही पासावरच. तिची आई आमच्याच शेतात निंदायला यायची. तिच्या आईनं तिला काय सांगून पाठवलं होतं? "खिडकीपाशी बसजो बाई, हवा लागते." आणि कुसुम बसली. केसांना तेल, नवी रिबीन, हात खिडकीच्या दांड्यावर, एखादी पाटलीणबाई देवदर्शनाला निघाली असावी तशी. ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांची पोर ऐटीत बसून चालली होती, आणि मी शेतमालकाची लेक तिच्या शेजारी लोंबकळत होते. कुसुमे, तू हे वाचशील तर पोट धरून हसशील. तेव्हा मात्र तू हसत नव्हतीस. सरकून जागा करायचीस आणि म्हणायचीस, "ये ना वो, कोन पाह्यते?"

पाहत सगळेच होते. बाजाराला जाणारी अर्धी माणसं आमच्याच गावची, आणि आमच्याकडे बातमी गाडीच्या आधी घरी पोचायची. पण खरं सांगायचं तर चुगलीची भीती फार नव्हती. बसले तर बाबांचा शब्द खाली पडेल असं वाटायचं, आणि उभी राहिले की त्यांचा इतका राग यायचा की दांडा उपटून काढावा. दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

दर थोड्या महिन्यांनी कंडक्टर बदलायचा आणि तमाशा नव्यानं सुरू व्हायचा. "ए पोरी, एवढ्या सीटा खाली हायेत, काऊन उभी वो?" मी सांगायचे, बसलं की मळमळते. एका भल्या माणसानं ते खरं मानून मला रोज लिंबाची गोळी द्यायला सुरुवात केली. ती गोळी चघळताना मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेत आम्हाला 'पासवाल्या' म्हणत. बाकीच्या पासवाल्या गाडीतून उतरल्या की चारचौघींसारख्या दिसायच्या, त्यांचा पास कंपासपेटीत दडलेला असायचा. माझा पास दडवायला जागाच नव्हती. मी उभी आहे म्हणजे मी फुकट आहे, हे आर्वीपर्यंत प्रत्येकाला कळत होतं.

दहावीच्या परीक्षेआधी एका वळणावर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, माझा हात सुटला आणि हनुवटी सीटच्या लोखंडी कडेवर आपटली. रक्त बघून कुसुमच किंचाळली. दुसऱ्या दिवशी फाट्यावर कंडक्टर खाली उतरून बाबांवर बरसला. "काका, पोरीचे दात पडले असते तं? सीट खाली जाते रोज, अन् तुमचं काय हे लावलं?" भोवती गावातली माणसं होती. बाबांनी माझ्या हनुवटीवरच्या पट्टीकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, चला, सुटले. रक्त गेलं पण आता बसायला मिळेल.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर गाडीत चढले. तिकीट काढलं, स्वतःचं. मग मला म्हणाले, "तिकीट म्या काढलं, म्हंजे जागा माही झाली. माही जागा मी तुले देतो. बस." आणि ते उभे राहिले. गाडीत माणसं मोजकी, सीटा रिकाम्या, आणि माझा बाप माझ्या शेजारी दांडा धरून उभा. कुसुमही बसलेली, मीही बसलेली. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. असं प्रत्येक पेपरला. त्या परीक्षेतलं मला एकही गणित आठवत नाही, पण गाडीच्या धक्क्यानं माझ्या खांद्याला घासणारा त्यांच्या सदऱ्याचा काठ आठवतो. उभी होते तेव्हा निदान मान वळवून बाहेर पाहता यायचं. आता बसून तर मी नजर पुस्तकातून वरच काढत नव्हते. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते किती अक्षरशः वाटू शकतं ते मला तेव्हा कळलं.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. पुढे मामांनी टायपिंगला घातलं, आणि पुण्यात शहराच्या बससेवेत क्लार्कची जागा निघाली. देवाला विनोदाची हौस असावी, कारण मला नेमलं ते पास विभागात.

पुण्यानं मला आधी बोलायला शिकवलं. "मले उद्या सुट्टी पाह्यजे," असं मी पहिल्याच आठवड्यात बोलून गेले आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हसता हसता चहा कपातच उडवला. त्या वाईट नव्हत्या, नंतर त्यांनीच मला डबा वाटून खायला बोलावलं. पण मी 'मले', 'तुले' सगळं उंबरठ्याबाहेर काढून ठेवलं. आता मी 'अगं', 'बरं का', 'इश्श्य' असं सराईतपणे म्हणते. मायला ट्रंककॉल केला की ती म्हणते, "कोन वो बोलून राह्यली?" आणि ती थट्टा करते आहे की खरंच विचारते आहे, ते मला समजत नाही.

नोकरीत मला स्टाफचा पास मिळाला. फुकट. तुम्ही ओळखलंच असेल, मी ऑफिसला उभी जाते. सहकाऱ्यांना पाठीचं दुखणं सांगितलं आहे, त्यांनी मला दोन डॉक्टर सुचवले आहेत.

जूनमध्ये माझ्या खिडकीपुढं रांग लागते. बोनाफाईड सर्टिफिकेट, आयडेंटिटी साइझ फोटो, शाळेचा शिक्का. बाकीची मुलं पास घेऊन उड्या मारत जातात. गरीब मुलांना महापालिकेच्या शाळेमार्फत फुकट पास मिळतो, ती मुलं लगेच ओळखू येतात. पास हातात पडला की मूठ मिटते. त्यांना मी हळूच सांगते, "बसून जायचं हं. जागा असली की बसायचं." मुलं चक्रावून पाहतात. त्यांच्या आया म्हणतात, हो बाई, बसेल की. हे एवढं वाक्य बोलता यावं म्हणूनच आपण या खुर्चीत आलो, असं वाटून मला अधूनमधून स्वतःचं कौतुकही वाटायचं.

गेल्या दिवाळीत गावी गेले. बाबा आर्वीपर्यंत घ्यायला आले होते. केस पांढरे झालेत, गुडघे धरतात, पण पेटी मला उचलू दिली नाही. त्यांनी दोघांची तिकिटं काढली. गाडी खचाखच भरली होती, आणि भरली होती ती पोरींनी. आता गावोगावच्या पोरी आर्वीला शिकतात. दप्तरं मांडीवर, तोंडं चालू, एकीच्या मांडीवर दुसरी, नुसता चिवचिवाट. बाबा दांडा धरून उभे राहिले. पहिल्याच गचक्याला ते कललेले मी पाहिले.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? पुणेरी, स्वच्छ, खिडकीमागच्या बाईच्या आवाजात मी म्हणाले, "ए मुलींनो, पासवाल्यांनी उठा जरा. तिकीट काढलेली माणसं उभी आहेत."

गाडी चिडीचूप झाली. समोरच्या सीटवरची एक पोर, आठवीतली असेल, झटकन अर्धी उठली. मी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मला आरशाशिवायही ओळखता आला असता.

"बस वो माय, बस," बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "पास हाय ना तुहा? मंग जागा तुहीच हाय. अभ्यास कर." मग माझ्याकडे झुकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "काऊन उठवतं वो त्यायले? आपल्या घरची एक उभी राह्यली ना तवा. साऱ्या गावाचं देणं फिटलं त्याच्यात."

ते हे कधी शिकले, कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांचा तो कायदा मी गावात सोडून आले आणि ते मात्र त्यातच बसलेत.

पुण्यात माझं सगळं आहे, भाड्याचा का होईना फ्लॅट आहे, मैत्रिणी आहेत, खिडकीपुढे मान आहे. पण मी चुकले तर कानाशी येऊन, माझा पाणउतारा होऊ न देता, मला माझी लाज दाखवणारं तिथं कोणी नाही. गाव म्हणजे माझ्यापुरतं आता तेवढंच उरलं आहे, आणि त्याचे गुडघे दुखतात.

फाट्यापर्यंत आम्ही बापलेक शेजारी शेजारी उभे होतो. ती पोर बसली होती खरी, पण सीटच्या अगदी काठावर, दप्तर छातीशी धरून. बाकीच्या पुन्हा बोलायला लागल्या. ती बोलली नाही, आणि उतरेपर्यंत तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.